सिलिंगमधले लाइट कुठे बसवायचे? कड्या, सेक्शन आणि पंखा सांभाळून करायची आखणी

आपल्याकडे खेड्यापाड्यात सिलिंगचं काम निघालं की क्रम ठरलेला असतो. आधी पीओपीवाला येतो, सांगाडा ठोकतो, बोर्ड लावून मोकळा होतो. मग वायरमनला बोलावणं जातं. तो शिडीवर चढतो, अंदाजाने भोक पाडतो, आणि नेमकं भोकाच्या मधोमध लोखंडी सेक्शन, म्हणजे सांगाड्याची बोर्ड धरणारी पट्टी दिसते. मग एक तर पत्रा कापायच्या कात्रीने सेक्शनच कापतात, नाही तर तेवढा एकच लाइट चार इंच बाजूला सरकवतात. पहिल्यात सिलिंग कमजोर होतं. दुसऱ्यात पुढची वीस वर्षं तो एक वाकडा लाइट रोज डोळ्यात खुपतो.

लाइटची आखणी सांगाड्याच्या आधी झाली, तर हे काहीच होत नाही. मिस्त्री म्हणतोच, ‘आधी सिलिंग त होऊ द्या ना भाऊ, लाइटचं मंग पाहू.’ तेव्हा त्याला चहा पाजा, पण थांबवा. एका संध्याकाळचं काम आहे. टेप, खडू, सुतळी, ओळंबा आणि चौकटीच्या वहीचं एक पान एवढंच लागतं.

आधी डोक्यावर काय आहे ते पाहा

विदर्भातल्या गावात छत तीन-चार प्रकारचं सापडतं आणि प्रत्येकाचा अडथळा वेगळा असतो.

स्लॅबच्या घरात फॉल्स सिलिंग केलं, तर आड येतो जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याचा सांगाडा. जुन्या माडीच्या घरात सागवानी कड्या, म्हणजे छत तोलणारी आडवी लाकडं, आणि त्यावरची पाटणी, म्हणजे फळ्यांचा थर. टिनाच्या घरात पत्र्याखालचे पाइप आणि त्यांना धरलेली पीव्हीसी पट्ट्यांची फ्रेम. आणि ज्यांचा स्लॅब अजून पडायचा आहे त्यांच्या वाटेत सळया येतात. चौघांनाही नियम मात्र एकच: जे वजन धरतं ते कापायचं नाही. कडी, सेक्शन, पाइप, सळई यांपैकी काहीही. लाइट त्यांच्यामधल्या गाळ्यात बसवायचा आणि कोणत्या गाळ्यात बसवायचा ते कागदावर ठरवायचं.

खोलीचा नकाशा

चौकटीच्या कागदावर एक घर म्हणजे सहा इंच धरा. खोलीच्या चारही भिंती मोजा, फक्त दोन नाही. गावातल्या प्लॉटवर भिंती गुण्यात, म्हणजे काटकोनात असतीलच असं नाही. समोरासमोरच्या भिंतीत दोन-तीन इंचांचा फरक सहज निघतो. दोन्ही कर्ण मोजले की खोली किती तिरकी आहे ते लगेच कळतं. दार, खिडकी, पंख्याचा हुक, बीम आणि देव्हारा हे सगळं नकाशावर घ्या.

पंख्याच्या हुकाचं माप नीट घ्या, कारण स्लॅब टाकताना तो बरोब्बर मध्यावर पडलेला क्वचितच असतो. हुक मध्यापासून तीन इंचांच्या आत सरकलेला असेल, तर मी लाइटची मधली रेघ भिंतीवरून न धरता हुकावरून धरतो. पंखा आणि लाइट एका नजरेत येतात, भिंत बाजूला राहते. त्याहून जास्त सरकलेला असेल, तर मात्र भिंतीवरून धरावं.

आता खाली खोलीत या आणि जमिनीवर खडूने पलंग, दिवाण, टीव्ही, कपाट यांच्या जागा आखा. हे लहान पोराचं काम वाटेल, पण लाइट लागतो माणसाला, जमिनीला नाही. पोरं अभ्यासाला कुठे बसतात, आजी निवडण-टिपण कुठे करते, पाहुणे कुठे टेकतात, हे घरातल्या बाईमाणसांना विचारून लिहा.

किती लाइट?

एलईडी पॅनेल साधारण एका वॅटमागे ९० ते १०० ल्युमेन प्रकाश देतं. त्यातला निम्मा कामाच्या जागी पोचतो असं धरा. भिंती गडद निळ्या-हिरव्या असतील तर त्याहूनही कमी. एका चौरस मीटरवर जितके ल्युमेन पडतात तितके लक्स. बसण्या-उठण्याच्या खोलीला १५० लक्सच्या आसपास पुरतात. ओट्यावर आणि अभ्यासाच्या जागी त्याच्या दुप्पट हवेत.

१२ बाय १६ फुटांचा हॉल घ्या. क्षेत्रफळ १९२ चौरस फूट, म्हणजे सुमारे १७.८ चौरस मीटर. १२ वॅटचे ६ लाइट लावले तर ७२ वॅट, जवळपास ६,५०० ल्युमेन. निम्मे म्हणजे ३,२५०. भागिले १७.८ केलं की १८० लक्सच्या वर उत्तर येतं. भरपूर झालं. १० बाय १२ च्या झोपायच्या खोलीला ८ वॅटचे ४ पुरे. मोजके मोठे लाइट लावण्यापेक्षा लहान पण जास्त लाइट लावणं केव्हाही बरं. उजेड सारखा पसरतो, प्रत्येकाची उष्णता कमी राहते आणि भोक लहान असल्याने गाळ्यात बसवणं सोपं जातं.

हिशेबाची पहिली आखणी

सूत्र साधं आहे. खोलीची लांबी भागिले त्या ओळीतले लाइट, हे दोन लाइटमधलं अंतर. त्याच्या निम्मं अंतर भिंतीपासून. आपल्या हॉलमध्ये लांबीकडे ३ आणि रुंदीकडे २ लाइट आहेत. लांबी १९२ इंच, भागिले ३ म्हणजे ६४ इंच, भिंतीपासून ३२. त्यामुळे लाइट येतात ३२, ९६ आणि १६० इंचांवर. रुंदी १४४ इंच, भागिले २ म्हणजे ७२; भिंतीपासून ३६.

बहुतेक जण इथेच थांबतात आणि भोक पाडायला घेतात. हा फक्त कच्चा आराखडा आहे. त्याला अजून पंखा आणि सांगाडा भेटायचे आहेत.

पंखा

विदर्भात पंख्याशिवाय घर चालत नाही, आणि लाइटच्या आखणीत सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडेच होतं. नेहमीच्या पंख्याची पाती १,२०० मिलिमीटर व्यासाच्या घेरात फिरतात, म्हणजे मध्यापासून दोन फूट. लाइट पात्यांच्या वर किंवा अगदी कडेला आला की पाती त्याचा उजेड कापत फिरतात आणि समोरच्या भिंतीवर सावली फडफडत राहते. अशा खोलीत दहा मिनिटं वाचून पाहा, डोकं चढतं.

वरच्या आराखड्यात पंखा खोलीच्या मध्यावर, म्हणजे रुंदीत ७२ आणि लांबीत ९६ इंचांवर आहे. मधली लाइटची जोडी भिंतीपासून ३६ इंचांवर आहे, म्हणजे पंख्याच्या मध्यापासूनही ३६. पात्याच्या टोकापासून जेमतेम एक फूट. हे कमी आहे. मध्यापासून निदान साडेतीन फूट, ४२ इंच ठेवावेत. म्हणून मधली जोडी भिंतीकडे सहा इंच सरकवायची, भिंतीपासून ३० इंचांवर. पण फक्त मधलीच सरकवली तर ओळ वाकडी होईल. सरकवायची तर अख्खी ओळ. म्हणून सहाही लाइट रुंदीच्या दिशेने भिंतीपासून ३० इंचांवर घ्या. हा नियम पुढे सगळीकडे लागतो.

पंख्याची दांडी जितकी लांब तितकी सावली भिंतीवर जास्त खाली उतरते. त्यामुळे सिलिंगनंतर दांडी विनाकारण लांब ठेवू नका; पण हवा ओढायला पात्यांच्या वर दहा-बारा इंच मोकळे हवेतच. आणि पंखा लटकवायचा तो स्लॅबच्या हुकालाच. फॉल्स सिलिंगच्या सांगाड्यावर पंख्याचा भार कधीही देऊ नका.

आता सांगाडा: नकाशावर सेक्शन आखा

जिप्समच्या सांगाड्याची रचना एकदा समजून घेतली की मिस्त्रीशी बोलणं सोपं जातं. भिंतीला चहूबाजूंनी पेरिमीटर चॅनेल. स्लॅबपासून पट्ट्यांवर लटकलेली इंटरमीडिएट चॅनेल, साधारण चार-चार फुटांवर. त्यांच्याखाली आडवी बांधलेली सेक्शन, दीड-दीड फुटावर, म्हणजे १८ इंच मध्य ते मध्य. बोर्ड या सेक्शनला स्क्रूने आवळतात. सेक्शनचा बोर्डाला टेकणारा भाग सुमारे दोन इंच रुंद असतो, म्हणून दोन सेक्शनमध्ये १६ इंचांचा मोकळा गाळा उरतो.

आता लाइटला किती जागा लागते? १२ वॅटच्या गोल पॅनेलचं भोक सहा इंचांच्या आसपास असतं. नेमका आकडा कंपनीगणिक बदलतो, तो खोक्यावर कट-आउट म्हणून छापलेला असतो. लाइटला दोन बाजूंनी स्प्रिंगच्या क्लिपा असतात आणि त्या बोर्डाच्या वर जाऊन उघडतात. क्लिप उघडायला भोकाच्या कडेपासून दोन इंच मोकळे हवेत, नाहीतर ती सेक्शनला अडते आणि लाइट एका बाजूने लोंबतो. म्हणजे ६ अधिक २ अधिक २, एकूण १० इंच. १६ इंचांच्या गाळ्यात १० इंच गेले, उरले ६. लाइटचा मध्य गाळ्याच्या मध्यापासून तीन इंच इकडे किंवा तीन इंच तिकडे चालेल. तुमच्या हातात आहे ती एवढीच सूट.

आपला हॉल घ्या. सेक्शन रुंदीच्या दिशेने जाणार आहेत असं धरा. मिस्त्री सवयीने भिंतीपासून १८ इंचांवर पहिलं सेक्शन मारतो. मग सेक्शन येतात १८, ३६, ५४, ७२, ९० असे १८० पर्यंत. आपले लाइट ३२, ९६, १६० वर. ३२ वरचं भोक २९ ते ३५ पर्यंत जातं आणि ३६ वरच्या सेक्शनची कड ३५ वरच आहे, म्हणजे थेट टेकलं. १६० वरचं भोक १५७ ते १६३, आणि १६२ वर सेक्शन: भोकाच्या आतच आलं. तीनपैकी दोन लाइट अडले. सेक्शन कापायची पाळी येते ती इथे.

यावर उपाय असा की दोन लाइटमधलं अंतर सेक्शनच्या अंतराच्या पटीत घ्यायचं. ६४ ऐवजी ७२, म्हणजे १८ च्या चौपट. तीन लाइटमध्ये ७२ ची दोन अंतरं म्हणजे १४४. १९२ मधून वजा केले तर ४८ उरतात, दोन्ही भिंतींकडे २४-२४. लाइट आले २४, ९६ आणि १६८ वर.

आणि पहिलं सेक्शन १८ वर न मारता १५ वर मारायला सांगायचं. मग सेक्शन येतात १५, ३३, ५१, ६९, ८७, १०५, १२३, १४१, १५९, १७७ वर. शेवटच्या सेक्शनपासून भिंत बरोबर १५ इंच. १५ आणि ३३ चा मध्य २४. ८७ आणि १०५ चा मध्य ९६. १५९ आणि १७७ चा मध्य १६८. तिन्ही लाइट गाळ्याच्या बरोबर मध्यात. सेक्शन तेवढीच लागली, पैसा तेवढाच लागला. फक्त तीन इंच अलीकडून सुरुवात केली.

बोर्डाचे सांधेही याच वेळी पाहून घ्या. जिप्सम बोर्ड ४ बाय ६ फुटांचा येतो आणि त्याचं टोक सेक्शनवरच टेकायला हवं. पहिला बोर्ड भिंतीपासून ६९ इंचांवरच्या सेक्शनपर्यंत, तीन इंच कापून, दुसरा अख्खा, ६९ ते १४१, तिसरा उरलेला. सांधे ६९ आणि १४१ वर, लाइट त्यांच्यापासून २७ इंच लांब. सांध्यावर भोक पडलं तर तिथे पुढे चीर हमखास जाते. एकच लाइटची ओळ, पण ती सांगाडा, बोर्ड आणि पंखा या तिघांशी जुळवावी लागते. आणि कागदावर ती अर्ध्या तासात जुळते.

इंटरमीडिएट चॅनेल सेक्शनच्या वर असते, म्हणून पातळ पॅनेलला तिचा त्रास नाही. खोल सीओबी लाइट (एकाच मोठ्या चिपचा, मागे जास्त जागा घेणारा) घेणार असाल तर तिची रेघही नकाशावर घ्या. स्लॅब आणि बोर्ड यांत निदान चार-सहा इंच मोकळे राहतील इतकं सिलिंग खाली घ्या. पातळ पॅनेलला दोन-तीन इंच पुरतात, पण वायर आणि ड्रायव्हरला, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या छोट्या डबीला, हात घालायला जागा लागते.

पीओपीच्या जाळीच्या सिलिंगचं गणित असंच आहे, फक्त सांगाड्याचं अंतर मिस्त्रीगणिक बदलतं. तिथे १८ धरून चालू नका. त्याला विचारा, मोजा आणि तोच आकडा घ्या.

सिलिंग आधीच झालेलं असेल तर

घाबरून जायचं कारण नाही. लोहचुंबकाला दोरा बांधून सिलिंगवरून हळू फिरवा. बोर्डाच्या स्क्रूवर आणि सेक्शनवर तो ओढला जातो. तिथे पेन्सिलने खूण करत गेलात की सेक्शनची रेघ उमटते. दोन सेक्शन सापडली की अंतर कळतं, पुढची मोजून काढता येतात.

भोक पाडण्याआधी प्रत्येक ठिकाणी मध्यावर एक बारीक छिद्र पाडा. एक कडक तार घेऊन टोक साडेपाच इंचांवर काटकोनात वाकवा, छिद्रातून वर घाला आणि गोल फिरवा. तार पूर्ण फिरली तर जागा मोकळी आहे. अडली तर कोणत्या बाजूला अडली ते कळतं, आणि छिद्र एवढं लहान असतं की पुट्टीच्या बोटाने बुजतं. साडेपाच इंच यासाठी की सहा इंच भोकाची त्रिज्या तीन, वर दोन इंच क्लिपेचे आणि अर्धा इंच हाताचा.

एखादाच लाइट अडत असेल, तर अख्खी ओळ दोन-तीन इंच सरकवून बघा. बहुतेक वेळा सगळे सुटतात. नाहीच सुटले तर लहान भोकाचा, म्हणजे ६ वॅटचा लाइट घेऊन एक जोडी वाढवा.

माडीच्या घरातल्या सागवानी कड्या

यवतमाळ, वर्धा, अमरावती या पट्ट्यात अजूनही सागवानी माडीची घरं उभी आहेत. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या सागाची जात अशी की शंभरी गाठलेल्या कड्याही बऱ्याचदा ठणठणीत निघतात. अशा घरात सरसकट फॉल्स सिलिंग मारून कड्या झाकू नयेत, हे माझं ठाम मत आहे. शोभा तर जातेच, पण झाकलेल्या कडीला उधई लागली तर ती खाली येईपर्यंत पत्ता लागत नाही.

म्हणून सुरुवात उधईपासून करा. प्रत्येक कडीला दाभण टोचून पाहा, विशेषतः भिंतीत शिरते त्या टोकाला. दाभण जोर न लावता आत गेलं तर लाइटचा विषय बाजूला ठेवा आणि आधी सुताराला दाखवा.

कड्या चांगल्या असतील तर खडूने त्यांना नंबर घाला आणि प्रत्येक कडीचं अंतर दोन्ही टोकांना मोजा. हाताने तासलेल्या कड्या समांतर नसतात. एका भिंतीजवळ गाळा १४ इंच तर दुसऱ्या भिंतीजवळ साडेबारा असं चालतं. त्यामुळे वरचं सूत्र इथे फक्त कोणता गाळा घ्यायचा ते सांगतं. उदाहरणार्थ, सूत्र सांगतं ३२ इंचांवर आणि त्याच्या जवळचा गाळ्याचा मध्य येतो २९ वर. २९ घ्या. कड्या उघड्या दिसत असताना लाइट गाळ्याच्या मध्यावरून सरकलेला असेल तर तो लगेच खटकतो. दोन लाइटमधल्या अंतरात दोन-तीन इंचांचा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. कड्यांना आडव्या दिशेने मात्र सुतळी ताणून सगळे लाइट एका रेषेत घ्या. तिथे सूट नाही.

पाटणीला भोक पाडायचं नाही, वर माती किंवा माडीची जमीन असते. त्याऐवजी लाइट येणाऱ्या गाळ्यात सागवानी फळीचा किंवा प्लायचा तुकडा कड्यांच्या खालच्या अंगापासून एक इंच वर बसवा. दोन्ही कड्यांच्या बाजूला बारीक रिपा स्क्रूने मारा आणि त्यावर तुकडा टेकवा. कडी पाच इंच उंच असेल तर फळीच्या वर साडेतीन इंचांची पोकळी मिळते. पातळ पॅनेल आणि ड्रायव्हर त्यात आरामात मावतो. फळी एक इंचापेक्षा जास्त वर चढवू नका. कड्यांच्या बाजू उजेड अडवतात आणि खाली जमिनीवर पट्टे पडतात.

रिपेला खिळे ठोकायचे नाहीत. जुनं सागवान कोरडं असतं, चिरतं. शिवाय ठोकठोकीने वरची माती झडते. आधी बारीक ड्रिल, मग स्क्रू.

वायर कडीच्या बाजूने पाइपातून भिंतीपर्यंत न्या आणि भिंतीच्या कडेने पुढच्या गाळ्यात आणा. वायर लपवायला कडीच्या खालच्या अंगाला खाच मारणारे लोक आहेत. हे अजिबात करू देऊ नका. भार आला की कडीची खालची बाजू ताणात असते आणि तिथली अर्ध्या इंचाची खाचही कडीला महागात पडते. कडी ओलांडल्याशिवाय इलाजच नसेल, तर उंचीच्या बरोबर मध्यावर, उंचीच्या पाव हिश्श्याहून लहान गोल छिद्र पाडा.

आणि लाकडाच्या घरात हॅलोजन लावू नका. ते फार तापतं. वर वाळलेलं लाकूड, धूळ, जाळ्या, कधी उंदराने आणून ठेवलेला कापूस. इथे एलईडीच, आणि प्रत्येक जोड बंद डब्यात.

टिनाखालचं पीव्हीसी सिलिंग

पीव्हीसीच्या पट्ट्या सहसा दहा इंच रुंद असतात आणि एकमेकींत अडकवत नेतात. इथे सांगाड्याइतकाच पट्टीचा सांधा महत्त्वाचा. भोक पट्टीच्या मध्यावर यावं. सहा इंचांचं भोक धरलं तरी दोन्हीकडे दोन-दोन इंच उरतात. सांध्यावर भोक पडलं तर पट्टी सुटते. लाइटची ओळ सांध्यावर येत असेल तर पहिली पट्टी अर्धी कापून सुरुवात करायला सांगा, सगळे सांधे पाच इंच सरकतात.

इथला खरा वैरी मात्र उन्हाळा. मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पत्रा आणि सिलिंग यांच्यामधली हवा भट्टीसारखी तापते. एलईडीचा ड्रायव्हर उष्णतेनेच मरतो, आणि पीव्हीसी तापली की मऊ पडून लाइटच्या वजनाने लवते. म्हणून ६ ते ८ वॅटच्या वर जाऊ नका, ड्रायव्हर पत्र्याला टेकू देऊ नका, आणि दोन्ही पाख्यांकडे जाळी लावलेली हवेची भोकं ठेवा. जाळी हवीच, नाहीतर खारी आणि उंदीर तिथूनच शिरतात. पहिल्या पावसात पत्र्याचे स्क्रू कुठे गळतात ते पाहून मगच सिलिंग बंद करा. गळणारं पाणी सिलिंगवरून वाहत शेवटी लाइटच्याच भोकातून खाली येतं.

ज्या खोलीत हंगामात कापूस साठवता, तिथे असे लाइट बसवूच नका. भाव येईपर्यंत कापूस छतापर्यंत लागतो आणि त्याचे तंतू भोकातून वर जाऊन ड्रायव्हरवर बसतात. त्या खोलीला भिंतीवर उंच, काचेचं बंद झाकण असलेला एक दिवा पुरे. त्याचं बटन खोलीबाहेर ठेवा.

स्लॅब अजून पडायचा असेल तर

घरकुल असो की मोठं घर, सेंट्रिंगवर सळया बांधल्या की मोजून डीप जंक्शन बॉक्स (वायरी जोडायचा खोल डबा) सळयांच्या मधल्या चौकटीत तारेने बांधा आणि तोंड कागदाने किंवा थर्माकोलने गच्च भरा. चौकटीत बसत नसेल तर बॉक्स सरकवा, सळई कापू नका. कॉन्क्रीट पडल्यावर सरकवता येत नाही, म्हणून काम सुरू व्हायच्या आधी ओळ सुतळीने तपासा.

स्वयंपाकघर

ओट्यापाशी उभ्या बाईच्या पाठीमागे लाइट असेल तर तिची सावली तिच्याच हातावर पडते. म्हणून एक ओळ ओट्याच्या पुढच्या कडेच्या वर घ्या, भिंतीपासून २० ते २४ इंचांवर. इथे सेक्शन ओट्याच्या भिंतीला काटकोनात घ्यायला सांगा, म्हणजे ती ओळ भिंतीकडे किंवा बाहेर हवी तशी सरकवता येते. चूल असेल तर तिच्या वर लाइट नको. काजळीने सहा महिन्यांत काळा पडतो.

वायरिंग

काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, पण काय मागायचं ते तुम्हाला माहीत असू द्या. आयएसआय शिक्क्याची एफआर (आग सहज न पकडणारी) तांब्याची वायर, लाइटला आणि मुख्य ओळीला १.५ चौरस मिलिमीटर. लाइटसाठी वेगळा ६ अँपिअरचा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा), आणि घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा). सगळी वायर पाइपातून. उंदीर मोकळी वायर सोडत नाहीत.

सहा लाइट एका बटनावर देऊ नका. दोन-दोनच्या तीन जोड्या करा आणि मधली जोडी इन्व्हर्टरवर घ्या. लोडशेडिंगमध्ये २४ वॅटवर अख्खा हॉल दिसतो. ड्रायव्हर घेताना खोक्यावर १०० ते ३०० व्होल्ट असा मोठा पल्ला पाहा. गावात रात्री दाब पडतो आणि वीज परत येताना झटका येतो, तिथे हलका ड्रायव्हर टिकत नाही.

प्रत्येक लाइटपाशी दीड-दोन फूट वायर मोकळी सोडून सेक्शनला सैल अडकवून ठेवा. ड्रायव्हर कट-आउटच्या भोकातून खाली येतो ना, ते दुकानातच पाहा. येत नसेल तर तो लाइट घेऊ नका, पुढे दुरुस्तीला सिलिंग फोडावं लागेल.

उजेडाचा रंग शक्यतो ३,००० ते ४,००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर ते मध्यम पांढरा घ्या. पावसाळ्यात पांढऱ्याशुभ्र उजेडाकडे किडे जास्त येतात, त्यातही ओसरीत. आणि पॅनेल चारही बाजूंनी बंद असलेलं घ्या, नाहीतर श्रावणापर्यंत आत मेलेल्या किड्यांचा थर दिसतो.

भोक पाडण्याआधीची तपासणी

बोर्ड लागायच्या आधी, सांगाडा उघडा असताना पुठ्ठ्याच्या चकत्या कापा. चकती लाइटच्या बाहेरच्या कडेएवढी घ्या. नकाशातल्या लाइटच्या जागा खडूने जमिनीवर उतरवा, त्या खुणांवर वरून ओळंबा धरा आणि चकत्या सांगाड्याला तारेने लटकवा. मग दारातून, दिवाणावरून, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून बघा. घरातल्या सगळ्यांना बघू द्या. या वेळी सरकवायला फक्त तार सोडावी लागते.

चकत्यांवर सगळ्यांचं एकमत झालं की टेप लावून प्रत्येक गाळ्याचा मोबाइलवर फोटो काढा, भिंतीपासूनचा आकडा दिसेल असा. बोर्ड लागल्यावर तेच फोटो तुमचा नकाशा.

भोक होल सॉने (ड्रिलला लागणाऱ्या गोल करवतीने) पाडा, कट-आउटच्या आकड्याचंच. जिप्समची धूळ डोळ्यात जाते, चष्मा लावा. आधी एकच भोक, त्यात एक लाइट बसवून बघा, क्लिपा दोन्हीकडे पूर्ण उघडतात का ते पाहा, मग बाकीची.

शेवटी अंधार पडल्यावर सगळे लाइट लावा, पंखा पाचवर सोडा आणि दिवाणावर बसून समोरची भिंत पाहा. सावली हलत असेल तर दांडी दोन-तीन इंच आखूड करून बघा. खोलीच्या एखाद्या बाजूला उजेडाची चकाकी थेट डोळ्यात येत असेल तर त्या जोडीला कमी वॅटचं पॅनेल लावा, भोक तेच राहील असं. आणि दुकानातून निघताना त्याच खोक्यातले दोन लाइट जास्त घ्या. दोन-तीन वर्षांनी तोच रंग, तेच कट-आउट परत मिळेलच असं नाही.